'तिला काय म्हणू?' : सोलापूरच्या एका मावशीला उत्तर

'माझ्या भाचीवर काही आठवड्यांपूर्वी वाईट प्रसंग ओढवला. माणूस नात्यातलाच. पोलिसांत तक्रार दिली आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उलटसुलट बोलणं सुरू झालं म्हणून मी लिहिलं, "आमची पोरगी पीडिता आहे, तिला दोष देऊ नका." ते वाचून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग कुठेतरी ऐकलेला "सर्व्हायव्हर" शब्द वापरला, तर म्हणाली, "मला शाबासकी नकोय." माझी आई म्हणते, घराची अब्रू गेली, आता विषयच नको. पुढच्या आठवड्यात पुरवणी जबाबासाठी बोलावलं आहे. मी तिला काय म्हणू? आणि ग्रुपवर आता काय लिहू?'
– एक मावशी, सोलापूर

ताई,

तुमच्या पत्रातून गल्लीचं नाव, भाचीचं शिक्षण आणि त्या माणसाचं नेमकं नातं आम्ही गाळलं आहे. तेलुगूचा उल्लेख तेवढा ठेवला. सोलापुरात यंत्रमागांच्या पेठांपासून विडी कामगारांच्या वसाहतींपर्यंत ती इतक्या घरांत बोलली जाते की त्यावरून कुणी ओळखू येत नाही. शिवाय जबाबाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गाळागाळ का केली तेही पुढे येईल.

'काय म्हणू' हा प्रश्न तुम्ही आम्हाला विचारलात. तो तिला विचारायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी भाषेतल्या ठोकळेबाज कल्पनांविषयी एक पुस्तिका काढली. लैंगिक हिंसा सोसलेल्या व्यक्तीसाठी इंग्रजीत चालणारे दोन्ही शब्द, म्हणजे आपल्याकडचा 'पीडित' आणि 'सर्व्हायव्हर', त्या पुस्तिकेने योग्य मानले आहेत. त्या व्यक्तीने आपली पसंती सांगितली असेल तर मात्र तीच पाळायची. तुमच्या भाचीने पसंती सांगितली नाही, नापसंती दोनदा सांगितली. म्हणजे अर्धं उत्तर तुमच्या हातात आलेलंच आहे.

विचारताना घरात दोघीच असाल असं बघा, आणि जी भाषा तुम्ही दोघी एरवी बोलता त्याच भाषेत विचारा. साधारण असं: 'ग्रुपवर मी तुझ्याबद्दल लिहिलं ते तुला न विचारता लिहिलं, चुकलं माझं. पुढे कुणाशी बोलायची वेळ आली तर काय म्हणू? काहीच बोलू नको असं असेल तर तेही सांग.' एवढं बोलून थांबा. उत्तर त्याच वेळी आलं पाहिजे असा आग्रह नको. आज एक शब्द चालेल आणि सहा महिन्यांनी तोच टोचेल, असंही होतं. बऱ्याच जणींना कुठलंच विशेषण नको असतं, आपलं नाव आणि नातं तेवढं हवं असतं. घरात ती तुमची भाचीच आहे.

'पीडिता' तिला का लागला असेल? मराठीत पूरग्रस्त म्हणतो, दुष्काळग्रस्त म्हणतो; सरकारी मदतीच्या यादीत अशी नावं लागतात. पीडिता त्याच जातीचा शब्द आहे. कागदावर त्याला काम आहे. अशा गुन्ह्यांनंतर मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेखाली अर्ज करताना, न्यायालयात नुकसानभरपाई मागताना, माणसाला इजा झाली हे ठासून सांगावं लागतं, तिथे तो वापरावा. पण तो कागदावरच ठेवावा. घरात शिरला की माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसतो. आणि पीडिता हे स्त्रीलिंगी रूप इतकं रुळलं आहे की मुलग्यांवर अत्याचार होतो तेव्हा आपल्याकडे शब्दच उरत नाही. 'कुणीतरी मस्करी केली' म्हणून ते दाबलं जातं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

'सर्व्हायव्हर' म्हणजे संकटातून तगून निघालेली. त्या शब्दाची अडचण उलटी आहे. त्यात कौतुक आहे, पण त्या कौतुकाबरोबर एक मागणीही येते: तू खंबीर राहा. ज्या दिवशी तिला उठावंसंच वाटणार नाही, त्या दिवशी हा शब्द तिला नापास करतो. 'शाबासकी नको' हे तिने फार नेमकं सांगितलं आहे. 'धीट पोरगी', 'वाघीण' हे शब्दही याच कारणासाठी सध्या बाजूला ठेवा. 'बिचारी'बद्दल वेगळं सांगायला नको.

आता जे आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे त्याकडे येतो. तुमचं लक्ष तिच्या नावाकडे लागलं आहे. नुकसान मात्र क्रियापदातून होतंय. तुमच्या पत्राचं पहिलंच वाक्य बघा: 'भाचीवर वाईट प्रसंग ओढवला.' मराठीत संकट ओढवतं, दुष्काळ ओढवतो. ओढवण्याला कर्ता लागत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे एकच माणूस उभा राहतो, तुमची भाची. मग प्रश्नही तिलाच विचारले जातात. ती तिथे कशाला गेली होती, एकटीच का होती. वाक्यात दुसरं माणूसच नाही, तर लोक आणखी कुणाला विचारणार?

'तिच्यावर बलात्कार झाला' हे यापेक्षा बरं, कारण गुन्ह्याचं नाव तरी आलं. पण 'झाला' म्हणजे पाऊस झाला, अपघात झाला, तसंच. 'करण्यात आला' ही कचेरीतली मराठी. करणारा तिथेही गायब. 'बळी पडली' तर सगळ्यात वाईट, कारण त्या वाक्यात पडण्याचं काम तीच करते. ज्या भाषेत 'बळी तो कान पिळी' म्हणताना बळी म्हणजे ताकदवान, त्याच भाषेत बाईला बळी म्हटलं की ती वेदीवर ठेवलेली वस्तू होते. मराठीत करणाऱ्याला 'ने' लागतो. 'त्याने तिच्यावर बलात्कार केला.' चार शब्दांचं वाक्य आहे. बोलायला जड जाईल. पहिल्यांदा मोठ्याने, एकट्याने म्हणून बघा. घरातल्या प्रत्येक वाक्यात हा 'ने' आहे का ते तपासायला लागा. कुणी काय लपवलं हे तुम्हाला आठवड्याभरात ऐकू यायला लागेल.

एक पथ्य मात्र कडक पाळा. हा नियम तुमच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी आहे, तिच्यासाठी नाही. ती स्वतः 'ते झालं तेव्हा' म्हणाली, 'तो दिवस' म्हणाली, तर तिचं वाक्य दुरुस्त करू नका. तिला ज्या अंतरावरून बोलता येतं तिथूनच तिला बोलू द्या.

असे आणखी काही शब्द तुमच्या कानावर रोज पडत असतील. 'त्याने संबंध ठेवले': संबंध दोघांचे असतात, त्यामुळे हे म्हणताना तिची संमती गृहीत धरली जाते. 'बळजबरीने बलात्कार': 'बलात्' म्हणजेच बळाने, मग वेगळं बळजबरीने म्हणताना बिनबळाचाही एखादा बलात्कार असतो असं सुचवलं जातं. 'एकतर्फी प्रेमातून' : पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, त्यात प्रेम आणू नये. 'छेडछाड'मध्ये खोडकरपणाचा वास आहे; 'लैंगिक छळ' म्हणावं. 'तिने कबूल केलं' हे बातम्यांतही दिसतं. कबुली गुन्हा करणारा देतो. तिने सांगितलं. 'आरोप केला' यापेक्षा 'तक्रार दिली' म्हणा. घडलेली गोष्ट तेवढीच आहे.

'नराधम', 'राक्षस', 'हैवान' हे शब्द रागाने येतात आणि तो राग आम्हाला कळतो. तरीही ते टाळा, असं आग्रहाने सांगतो. राक्षस म्हटलं की अंधारातला अनोळखी माणूस डोळ्यापुढे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदवलेल्या दहा प्रकरणांपैकी नवांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तुमच्या ग्रुपवर लोक म्हणतच असतील, 'तो असा वाटत नाही हो, लग्नात किती मदत केली होती.' तो राक्षस वाटत नाही, म्हणून ती खोटी ठरते.

जबाबाबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथे एका शब्दाने कलम बदलतं.

पोलिसांच्या मराठीत 'अतिप्रसंग केला', 'अत्याचार केला', 'गैरकृत्य केलं' अशी वाक्यं सवयीने येतात. कायद्यात मात्र वेगवेगळ्या कृतींना वेगवेगळी कलमं आहेत. न्याय संहितेचं कलम ७४, ज्याला आजही विनयभंग म्हणतात, त्याला एक ते पाच वर्षं शिक्षा. कलम ६४, म्हणजे बलात्कार, त्याला कमीत कमी दहा वर्षं. बलात्काराची व्याख्या २०१३ मध्ये रुंदावली. बोटाने, वस्तूने किंवा तोंडाने केलेली कृतीही तिच्यात येते. तेव्हा नेमकं काय केलं ते कागदावर आलं नाही आणि 'अतिप्रसंग' एवढंच राहिलं, तर बचावाचा वकील त्यातून हलकं कलम काढायचा प्रयत्न करणारच.

त्यात तुमच्या घरची भाषा तेलुगू. हे नीट लक्षात घ्या: तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'अत्याचार' म्हणजे सरळ बलात्कार. मराठीत अत्याचार म्हणजे मारहाणही असू शकते, छळही. भाची तेलुगूत 'अत्याचारम्' म्हणाली आणि हवालदाराने मराठीत 'अत्याचार केला' लिहिलं, तर दोघांनाही वाटेल की बरोबर लिहिलं, आणि गुन्ह्याचं नाव मात्र कागदावर येणारच नाही. तेलुगूतला दुसरा शब्द 'मानभंगम्'. त्याचाही अर्थ बलात्कारच. पण मराठी कानाला तो अपमानासारखा किंवा फार तर विनयभंगासारखा ऐकू येतो. तीन-चार भाषा रोज कानावर पडणाऱ्या आपल्या शहरात ही चूक अगदी सहज होते, कुणाच्या मनात वाईट नसतानाही.

म्हणून जबाबाच्या दिवशी एवढं करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतली नसेल तर आधी घ्या आणि त्यात असे मोघम शब्द कुठे आहेत ते बघून ठेवा. पुरवणी जबाब ते स्पष्ट करण्यासाठीच वापरता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा. तिच्या कलम १७६ नुसार बलात्काराच्या गुन्ह्यातला जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्य तोवर महिला अधिकाऱ्याने, आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा परिसरातल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या उपस्थितीत घ्यायचा असतो, आणि त्याचं ध्वनिचित्रमुद्रण करता येतं. मुद्रण मागा. तिचे मूळ तेलुगू शब्द टिकवायची तीच खात्रीची वाट आहे. तिला तेलुगूत सांगायचं असेल तर तेलुगू आणि मराठी दोन्ही नीट येणारी दुभाषी मागा, आणि 'जबाब तेलुगूत सांगितला, अमक्यांनी भाषांतर केलं' अशी नोंद करायला सांगा. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका. एक तर तुम्हाला साक्षीदार व्हावं लागू शकतं. आणि मावशीच्या तोंडून शब्द मऊ होऊनच बाहेर येतात.

तिने काय सांगायचं ते तुम्ही शिकवायचं नाही. कायद्यातला शब्द तिच्या तोंडी घालू नका. 'पढवलेला जबाब' म्हणून तो उलटतो. तिने तिच्या शब्दांत, काय केलं आणि कोणत्या क्रमाने, एवढं सांगायचं. कलम लावणं पोलिसांचं काम. लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवायला सांगा आणि त्या वेळी तिचं लक्ष तीन ठिकाणी असू द्या. पहिलं, कृतीचं वर्णन तिने सांगितलं तसंच आहे का. दुसरं, नातं. 'ओळखीचा इसम' असं मोघम नको. नातेवाइकाने किंवा विश्वासाच्या जागी असलेल्या माणसाने केलेला बलात्कार कलम ६४ (२) मध्ये वेगळा धरला आहे, त्यामुळे नेमकं नातं लिहिलेलं असलंच पाहिजे. तिसरं, 'ओरडली नाही', 'उशिरा सांगितलं' अशी वाक्यं. ती आली तर त्यांच्याशेजारी तिचं कारणही यायला हवं: शरीर गार पडलं, आवाज फुटला नाही, घरच्यांची भीती वाटली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येत नाही, हे कलम ६३ च्या स्पष्टीकरणातच आहे. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब होईल, तिथेही हेच. तिच्या बाजूने वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत देतं. १५१०० वर फोन करता येतो, आणि मनोधैर्यचा अर्जही त्याच प्राधिकरणाकडे जातो.

शब्दांबद्दल एवढा आग्रह का, याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असलेली म्हटलं आणि आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती यांत फरक केला आणि शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून सगळं शांततेत झालं असं निकालात म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून शरण जाणं म्हणजे संमती नव्हे हे मांडलं. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये कायदा बदलला. 'सवय असलेली' हे शब्द वैद्यकीय अहवालांत त्यानंतरही कितीतरी वर्षं येत राहिले. त्यामागची दोन बोटांची तपासणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावावं लागलं. भाचीच्या वैद्यकीय कागदांत असा शेरा दिसला तर वकिलाच्या नजरेस आणून द्या.

आईंचा प्रश्न नाजूक आहे, कारण 'मानभंगम्' म्हणणाऱ्या भाषेतच त्या वाढल्या. मान तिचा मोडला, असंच तो शब्द सांगतो. मराठीतलं 'अब्रू लुटली' तेच सांगतं. त्यांच्याशी वाद घालून हा अर्थ बदलणार नाही. त्या 'अब्रू गेली' म्हणतील तेव्हा शांतपणे एवढंच म्हणा: 'गेली असेल तर त्याची गेली, आई. त्याने केलं.' दर वेळी तेच वाक्य, आवाज न चढवता. आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा: नातीसमोर तिच्या लग्नाची, 'आयुष्याचं वाटोळं झालं'ची भाषा नको. बाकी मत बदललं नाही तरी चालेल. हे वाक्य मात्र रोज ऐकणाऱ्या मुलीला खरं वाटायला लागतं.

राहिला ग्रुप. तुमचा हेतू चांगला होता, पण 'आमची पोरगी' या दोन शब्दांनी ती कोण ते सगळ्यांना कळलं. न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा गुन्ह्यातल्या व्यक्तीची ओळख कळेल असं काहीही छापणं किंवा प्रसिद्ध करणं याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं की नाव न घेता आडवळणाने ओळख पटेल असा तपशीलही द्यायचा नाही. कुणाची मुलगी, कुठल्या कॉलेजात, कुठल्या पेठेत, कुठल्या दुकानाच्या वर, हे सगळं त्यात आलं. नातेवाइकांना आधीच माहीत आहे म्हणून काय झालं, असं वाटू शकतं. पण ग्रुपवरचा मजकूर ग्रुपवर राहत नाही. तुमचा संदेश आजच सगळ्यांच्या फोनवरून काढण्याचा ('डिलीट फॉर एव्हरीवन') पर्याय वापरून काढा. मुदत उलटली असेल तर ग्रुप ॲडमिनला काढता येतो का ते विचारा. इतरांच्या उलटसुलट संदेशांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ते पुढे न पाठवता फक्त वकिलाला दाखवा. त्याचं नावही ग्रुपवर लिहू नका. नात्यातलाच असल्यामुळे त्याच्या नावावरूनही तिची ओळख पटते.

त्यानंतर, भाचीची हरकत नसेल तर, एकदाच असं लिहा:

'मागे मी इथे लिहिलेला मजकूर काढला आहे. तो विचारून लिहिला नव्हता, ही माझी चूक. तक्रार झाली आहे आणि तपास पोलीस करत आहेत. या विषयावर इथे कुणीही, नाव घेऊन किंवा न घेता, काही लिहू नये. ओळख पटेल असं काही लिहिणं कायद्याने गुन्हा आहे. प्रश्न असतील तर मला फोन करा.'

फोन येतील. 'नक्की काय झालं?' असं विचारतील. 'ते मी सांगणार नाही' एवढं उत्तर पुरे. 'पण ती तिथे गेलीच कशाला?' असं आलं तर, 'त्याने का केलं हे त्याला विचारा' म्हणून फोन ठेवा.

संदेश पाठवण्याआधी मजकूर तिला दाखवा. ती काही खोडेल, कदाचित सगळाच खोडेल. तसं झालं तर पाठवू नका.